खालच्या गावाचे पाणी

कोल्हापूर शहर पिण्याचे पाणी वरच्या अंगाने घेते. बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसे शहराच्या वर आहेत, आणि २०२३च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणाचे पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइनने येऊ लागले. वापरलेले पाणी मात्र जयंती, दुधाळी अशा नाल्यांतून पंचगंगेकडे उतरते आणि पुढे वाहत जाते. आपण सोडलेले पाणी आपल्याला कधीच प्यावे लागत नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत नदीकाठच्या गावांचा मात्र त्याच्याशी रोजचा संबंध येतो.

२०१२मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. यंत्रमागाचे गाव ते. आपल्यापैकी अनेकांच्या लेकी-सुना तिथे नांदतात. पाण्यातून पसरणारी कावीळ 'ए' आणि 'ई' या विषाणूंमुळे होते, आणि हे विषाणू येतात माणसाच्या मैल्यातून. बहुतेक रोगी यातून बरे होतात. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला 'ई' कावीळ झाली, तर अशा शंभरांतल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. घरात बाळंतपण जवळ आले असेल आणि पाण्याची शंका असेल, तर तिच्यासाठी पाणी खळखळ उकळूनच ठेवावे. फडक्याने गाळल्याने विषाणू अडत नाहीत.

महापालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र कसबा बावड्यात आहे, रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे. दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे दुसरे आहे. जयंती नाल्याचे पाणी बांध घालून अडवतात आणि पंपाने उचलून बावड्याला नेतात. तिथे जाळीत कचरा अडतो, वाळू खाली बसते, मग टाक्यांत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववली जाते. हो, जिवाणूच हे काम करतात! गाळ तळाशी बसला की वरचे निवळ पाणी सोडले जाते. वीज गेली, पंप बंद पडले किंवा पाऊस झाला, की नाला बांधावरून सरळ नदीत जातो. हा दोष यंत्रणेचा आहे. त्याचा जाब महापालिकेला विचारलाच पाहिजे, नळाला पाणी कमी आले की विचारतो तसाच.

पण यंत्रणा नीट चालली तरी जिवाणूंना सगळे पचत नाही, आणि हे लोकांना कुणी सांगत नाही असे आम्हाला वाटते. सरकारी प्रबोधन म्हणजे प्रभातफेरी, भिंतीवर 'पाणी वाचवा' आणि फोटो. बाईने उरलेल्या तेलाचे काय करावे, हे त्या भिंतीवर कुठे असते?

रमजानभर भजी-समोसे तळून कढईत उरलेले तेल, ईदच्या पातेल्यांची चरबी, रश्श्यावरचा तवंग गरम असताना मोरीतून सहज जातो आणि पुढे थंड होऊन नळीत गोठतो. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये, जिथे बांगलादेशी मुस्लिमांची मोठी वस्ती आहे, २०१७मध्ये गटारात २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला होता. त्यात ओले टिश्यू आणि डायपरही अडकलेले होते. दोष एका समाजाचा नव्हता, लंडनची हॉटेलेही तेच करतात. पण तिथल्या पाणी कंपनीने त्या गोळ्याचा उपयोग लोकांना समजावण्यासाठी केला. त्याचा एक तुकडा चक्क संग्रहालयात मांडला गेला आणि लोक तो बघायला गेले.

बकरी ईदचे तर स्पष्टच बोलू. पाण्यातली घाण जिरवायला किती प्राणवायू लागतो, यावरून तिचे मोजमाप होते. घरगुती सांडपाण्याचा हा आकडा लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो. निव्वळ रक्ताचा दीड लाखाच्या घरात जातो. आंघोळीयोग्य नदीसाठी मर्यादा आहे ३. गल्लीतल्या गटारात बादलीभर रक्त सोडले, की ते शेकडो बादल्या मैलापाण्याइतके काम त्या जिवाणूंपुढे टाकते. आतडी आणि चरबी नाल्यात गेली तर पंप अडतो. ठरवून दिलेल्या जागीच कुर्बानी, रक्तासाठी वेगळी व्यवस्था आणि अवशेष न्यायला महापालिकेची गाडी, ही मागणी मोहल्ल्याच्या जमातीने ईदच्या महिनाभर आधी लेखी करायला हवी. साठलेल्या पाण्यात लघवी करू नये, असे सांगणारी हदीस आपण मुलांना तहारतच्या धड्यात शिकवतोच.

सवय बदलते, हे कोल्हापुरानेच दाखवले आहे. गणेशोत्सवात घाटावर आणि पेठापेठांत गुऱ्हाळाच्या काहिली मांडल्या जातात. लोक मूर्तीचे विसर्जन त्यांत करतात, आणि मूर्ती पुढे इराणी खणीत जातात. पहिल्या वर्षांत लोकांना हे पटवणे सोपे नव्हते. धर्माला धक्का न लावता, घाटावर उभे राहून एकेका कुटुंबाशी बोलून कार्यकर्त्यांनी ते साधले. अधिकाऱ्यांनी आमच्या मोहल्ल्यातही असेच यावे. जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटे, आणि दुपारी बायकांच्या बैठकीत अर्धा तास. पत्रके आणावीत, पण आधी बावड्याच्या जाळीतून काय निघते ते दाखवावे.

ते आले नाहीत, तर आपण जावे. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग १९०६ साली शाहू महाराजांच्या पाठबळाने उभे राहिले. तिथली, मदरशांची आणि उर्दू शाळांची मुले पन्हाळ्याला सहलीला जातातच. महापालिकेकडे अर्ज करून एक दिवस बावड्याचे केंद्रही दाखवा. वास येईल, मुले नाक धरतील, आणि घरी येऊन मोरीत काय टाकू नये ते आईला सांगतील. तोवर चुलीशेजारी एक जुनी बरणी ठेवा. थंड झालेले तेल तिच्यात ओता, आणि पातेले घासण्याआधी कागदाने पुसून घ्या.