आधी वारूळ, मग सात्या

जुलै सरायला आला की नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरच्या भाजीवाल्यांच्या ओळीत मधेच एखादी टोपली वेगळी दिसते. पळसाच्या पानांवर मांडलेल्या, मातीने माखलेल्या, लांब देठांच्या सात्या नावाच्या अळंब्या. काटवल, तरोटा, वास्ते यांच्यासोबत उमरेडच्या बाजूने येणारी ही पावसाळी रानभाजी. भाव पुष्कळदा मटणाच्या बरोबरीचा, तरी टोपली उन्हं चढायच्या आत रिकामी होते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडून येऊन इथे घर बांधलेली कुटुंबं तिची वाट पाहत असतात. बाकीच्यांच्या मनात एकच शंका: ही कुत्र्याची छत्री तर नव्हे?

शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र टोपलीपाशी उभं राहून मिळत नाही, सात्या निघतात त्या जागी जावं लागतं. म्हणून टोपली घेऊन येणाऱ्या एका मावशींना विचारलं आणि श्रावणातल्या एका पहाटे त्यांच्यासोबत निघालो. उमरेड रोडने पाचगाव मागे टाकलं, तिथून आडवाटेने त्यांचं गाव आणि गावाला लागून असलेलं रान. रात्री पाऊस पडून गेला होता. मुरमाड जमीन, पळसाची आणि तेंदूची खुरटी झुडपं, मधूनच एखादा मोह.

माझी नजर जमिनीवर काही पांढरं दिसतंय का, हे शोधत होती. एका कुजक्या ओंडक्यावर शुभ्र, नाजूक छत्र्यांचा घोस होता. मी दाखवला. मावशी थांबल्यासुद्धा नाहीत. "लाकडावरचं आमी नाही घेत भाऊ. उकिरड्यावरचं नाही, शेणावरचं नाही. आदी वारूळ पाह्याचं, मंग सात्या." त्या चालत होत्या त्या एका वारुळाकडून दुसऱ्या वारुळाकडे. कोणतं वारूळ केव्हा निघतं, कोणत्या पळसाखालचं लवकर आणि बांधाकडचं उशिरा, हे त्यांना सासूकडून आलेलं. मधला सगळा प्रदेश त्यांच्या लेखी रिकामाच.

या एका सवयीत फार मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं, आणि ते समजायला वाळवीच्या घरात डोकवावं लागतं.

आपल्याकडच्या वारुळांतली वाळवी शेती करते. हा शब्द अलंकारिक नाही. कामकरी वाळवी वाळका पाला, काटक्या, शेण खाऊन घरात आणते. न पचलेल्या त्या चोथ्याचे थर रचून बुरशीची बाग तयार करते. लाकडातलं लिग्निन वाळवीच्या पोटाला झेपत नाही, ते बुरशी फोडते. त्यावर धरणाऱ्या बारीक पांढऱ्या गाठी आणि पुढे तो मऊ झालेला चोथाही वाळवी खाते. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असावी, असं जनुकांच्या अभ्यासावरून मानलं जातं. माणसाच्या शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीच्या घरातल्या या बागांचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं तेही आपल्याच देशातलं: तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आलेल्या योहान क्योनिग याने १७७९मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे १९४२मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी या बुरशीला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. आपली सात्या, कोकणातली वारुळावरची अळंबी, गोव्यातली रोणावरची, म्हणजे वारुळावरचीच ओळमी, सगळी याच प्रजातीतली.

पावसाने जमीन भिजली की एरवी अंधारात राहणारी ही बुरशी बागेतून वर देठ पाठवते. वाटेत कडक माती. म्हणून सात्याच्या टोपीच्या मधोमध एक टणक, गडद टोक असतं. ते माती भेदत येतं. मावशींनी एका वारुळाच्या उतारावरची माती बोटांनी बाजूला केली. खाली मिटलेल्या कळ्या होत्या, राखाडी टोकांच्या. त्यांनी एक कळी देठाशी धरली, जरा फिरवली आणि हळूहळू ओढत राहिल्या. देठ संपेचना. वर अंगठ्याएवढा जाड, खाली निमुळता होत गेलेला, शेवटी काळपट मुळीसारखा हातभर लांब. ती मुळी थेट बागेपर्यंत गेलेली असते. देठ सोलला तर शिजलेल्या कोंबडीच्या मांसासारखे उभे तंतू सुटतात. घरी मावशी कांदा, लसूण, तिखट घालून तो नुसता परततात आणि ज्वारीच्या भाकरीसोबत वाढतात. वर मसाला काही नाही, आणि लागतही नाही.

वारूळ मात्र त्या खणत नाहीत. "फोडलं का संपलं. पुढल्या साली येनार नाही थे." लागवडीचं मशरूम आता गावोगाव होतं, धिंगरी तर कुटाराच्या पिशव्यांत घरातसुद्धा निघते. सात्या तशी लावता येत नाही. वाळवीशिवाय ती पीकच धरत नाही, त्यामुळे तिचं शेत म्हणजे वारूळ.

वीज कडाडली की सात्या निघतात, असं मावशी म्हणाल्या. झाडीपट्टीत हे सगळेच सांगतात. जपानमधल्या इवाते विद्यापीठात कोइची ताकाकी यांनी मशरूमच्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे झटके दिले, तेव्हा काही जातींचं उत्पन्न वाढलेलं दिसलं. वारुळावर असा प्रयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण मावशींचं बोलणं नुसतं ऐकून सोडून देण्यासारखंही नाही.

आता विषाचं बोलू. अळंबीतली सर्वांत घातक विषं अ‍ॅमाटॉक्सिन या गटातली. अमानिटा आणि लेपिओटा या प्रजातींतल्या काही जातींत ती असतात. शिजवून, वाळवून ती जात नाहीत. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच दिवसात यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२मध्ये आसामात चहामळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं दगावली. ती माणसं रानाला अनोळखी नव्हती. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, किड्यांनी खाल्लंय का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. या समजुतींनी माणसं मेली आहेत, म्हणून त्या पुन्हा सांगू नयेत असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

हुडकेश्वरसारख्या वस्तीत धोका आणखी जवळ असतो. बागेच्या हिरवळीत, रिकाम्या प्लॉटवरच्या गवतात, शेणखताच्या ढिगाशी पावसाळ्यात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, वर तपकिरी खवले असलेल्या. त्यांतली क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी जात जगभर सर्वाधिक फसवणाऱ्यांपैकी एक आहे. कोवळेपणी टोपीखालच्या पात्या पांढऱ्याच, जून झाल्यावर हिरवट. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब. सात्या पाहिलेला माणूस शहरात आला आणि प्लॉटवर तशीच दिसणारी छत्री उपटून घरी नेली, की जुनं ज्ञान अर्धवट वापरलं गेलं. त्या ज्ञानाचा पहिला अर्धा भाग वारूळ होतं, ते इथे नाही.

चुकून काही खाल्लं गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नये. शिल्लक अळंबी, कच्ची किंवा शिजलेली, कागदात गुंडाळून सोबत घ्यावी आणि थेट मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठावं. केव्हा खाल्लं आणि त्रास केव्हा सुरू झाला, हे डॉक्टरांना नेमकं सांगावं. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास थांबला तरी दवाखाना सोडू नये. विकत घेतानाही देठ छाटलेला माल घेऊ नये. मुळीसकट लांब देठ टोपलीत दिसत असेल तर तो वारुळातून आल्याची ती खूण आहे. पण तीही ओळखीच्या बाईकडूनच घेताना पुरेशी, एकटीच्या जोरावर नाही.

वारुळं तरी किती दिवस राहणार? काही वर्षांपूर्वी महापालिकेत आलेल्या या भागात शेतं मोडून लेआउट पडत आहेत. एका प्लॉटवर जेसीबीने कापलेलं वारूळ मी जवळून पाहिलं. आत भुरकट, सुरकुतलेली, स्पंजासारखी बाग, तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गाठी, आणि उजेडात सैरभैर झालेली वाळवी. बांधकामाआधी जमिनीत वाळवीचं औषध सोडतात, घरासाठी ते लागतंही. मात्र त्या जागी पुन्हा सात्या निघत नाहीत.

शहराबाहेर वारुळं टिकली ती प्रामुख्याने ज्या जमिनीला महसुली दप्तर झुडपी जंगल म्हणतं तिथे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशी जमीन आहे. मुरमाड, झाड न वाढणारी, म्हणून निरुपयोगी मानली गेलेली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनजमीनच आहे असा निकाल दिला. या रानात हिंडल्यावर मला तो निकाल पटतो, कारण वाळवीला उंच झाडं लागत नाहीत, पालापाचोळा आणि न नांगरलेली माती लागते.

संकट आतूनही आहे. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी दिव्यांभोवती जमते; तिच्यातली मोजकी जोडपी नवी वारुळं मांडतात. त्यांच्याकडे बहुतेक वेळा बुरशीचं बी नसतं. नंतरच्या काही आठवड्यांत सात्या उमलतात, त्यांचे बीजकण मातीवर पडतात, आणि नव्या घरातले पहिले कामकरी ते शोधून आत नेतात. गिऱ्हाइकाला मात्र मिटलेली कळी हवी असते. उमललेल्या सात्याला निम्मासुद्धा भाव येत नाही. मावशींनी न तोडल्या तर मागून येणारे तोडतात, म्हणून त्याही कळ्याच आणतात. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या रोणावरच्या ओळमींच्या अशाच बेसुमार तोडणीबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं. यावर वाट निघू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या रानातून काय, केव्हा आणि किती काढायचं हे ठरवता येतं. उमरेड रोडवरच्या गावांनीही बसून दर वारुळामागे चार-पाच सात्या उमलेपर्यंत तोडायच्या नाहीत एवढं ठरवलं, आणि हुडकेश्वरच्या बाजारात आपण उमललेल्या सात्यालाही कळीइतका भाव दिला, तर मावशींना मागून येणाऱ्याची घाई उरणार नाही.