तुटून अडकलेली फांदी आणि झाड पाडण्याची सुरक्षित रीत

प्रस्तावना

बंगळूरच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत वसलेली आहे. या परिसरात कारखान्यांची आवारे आणि रस्त्यांच्या कडा गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष अशा झाडांनी सावलीत ठेवल्या आहेत. परंतु एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो, तेव्हा हीच झाडे संकट ठरतात. 2 जून 2024 रोजी बंगळूर शहरात एका दिवसात 111.1 मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडो झाडे कोसळली.

उन्मळून पडलेले झाड सर्वांना दिसते. खरा धोका मात्र पुष्कळदा उभ्या झाडात दडलेला असतो. वाऱ्याने मोडलेली एखादी जड फांदी खाली न येता दुसऱ्या फांद्यांत अडकून राहते. असे झाड पाडण्याची वेळ येते तेव्हा करवत चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मृत्यूच टांगलेला असतो. इंग्रजी बोलणारे लाकूडतोडे अशा फांदीला ‘विडो-मेकर’, म्हणजे ‘विधवा करणारी’ म्हणतात. त्या नावामागे अनेक घरांचे दुःख आहे.

फांदी इतकी घातक का?

जमिनीपासून 10 मीटर उंचीवरून सुटलेली फांदी सुमारे दीड सेकंदात जमिनीवर आदळते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे 50 किलोमीटर असतो. करवतीच्या आवाजात फांदीची करकर ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी दीड सेकंदात दूर जाता येत नाही. शिरस्त्राणामुळे लहान काटक्यांपासून रक्षण होते. वीस-पंचवीस किलोग्रॅमच्या ओंडक्यापुढे ते अपुरे पडते.

अडकलेली फांदी तीन वेळी सुटण्याचा संभव अधिक असतो: करवत किंवा कुऱ्हाड चालवताना खोड थरथरते तेव्हा, पाचर ठोकताना बसणाऱ्या हादऱ्यांनी, आणि झाड कलू लागते त्या क्षणी. या तिन्ही वेळी कामगार बुंध्यापाशीच असतो.

कामापूर्वीची पाहणी

समजा, एखाद्या कारखान्याच्या आवारातील 12 मीटर उंचीचा गुलमोहर पाडायचा आहे. प्रथम हत्यारे दूर ठेवून, झाडापासून अंतर राखून, त्याच्याभोवती सर्व बाजूंनी फिरावे. वाळलेला शेंडा, अडकलेल्या फांद्या, खोडातील ढोली, बुंध्याजवळील कुजका भाग, झाडाचा कल आणि वाऱ्याची दिशा यांची नोंद घ्यावी. वाऱ्याचा जोर असल्यास काम पुढे ढकलावे.

झाड विजेच्या तारांजवळ असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याखेरीज कामास हात लावू नये. तसेच कर्नाटकात 1976 च्या आणि महाराष्ट्राच्या नागरी भागांत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार, झाड तोडण्यासाठी सामान्यतः आधी परवानगी घ्यावी लागते.

आधी फांदी, मग झाड

या कामाचा मुख्य नियम हा की, अडकलेली फांदी काढल्याशिवाय बुंध्याला करवत लावू नये. हवेत उचलणाऱ्या पाळण्याचे यंत्र मिळाल्यास, फांदीच्या खाली न येता बाजूने ती कापावी. फांदी जमिनीवरून काढायची असल्यास वजन बांधलेली दोरी तिच्यावरून टाकून दूर उभे राहून ओढावी. ओढणाऱ्याचे अंतर फांदीच्या उंचीपेक्षा जास्त असावे आणि दोरी हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. कुजलेल्या झाडावर चढणे सर्वथा टाळावे.

फांदी निघत नसेल तर हाताने झाड कापण्याचा विचार सोडून द्यावा. अशा वेळी प्रशिक्षित माणसांना यंत्रासह बोलावणे हाच योग्य मार्ग होय.

झाड पाडणे

फांदी उतरल्यावर झाडाच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे येथे 24 मीटर अंतरापर्यंतची जागा चहूबाजूंनी मोकळी करावी. झाड ज्या दिशेला पाडायचे, तिच्या विरुद्ध बाजूस तिरक्या दिशेने दोन पळवाटा आधीच साफ कराव्यात.

पडण्याच्या बाजूला खोडाच्या जाडीच्या एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश खोल खाच घ्यावी. नंतर मागील बाजूने, खाचेच्या टोकापेक्षा किंचित वर, दुसरा छेद घ्यावा. हा छेद खाचेला मिळू द्यायचा नाही. मध्ये जाडीच्या सुमारे एक-दशांश लाकूड शिल्लक ठेवावे. खोड 50 सेंटिमीटर जाड असेल, तर ही पट्टी 5 सेंटिमीटरची होईल. दाराला बिजागरी जसे वळण देते, तशी ही पट्टी झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. ती कापली गेली तर झाड कोठेही वळू शकते. बुंधा पोकळ असल्यास ही पट्टी टिकत नाही. म्हणून असे झाड या रीतीने पाडू नये.

झाड हलू लागताच करवत थांबवून पळवाटेने दूर जावे आणि नजर वर ठेवावी. पडणारे झाड शेजारच्या झाडांच्या फांद्याही मोडते. म्हणून झाड जमिनीवर आल्यावर थोडा वेळ थांबून, वर काही अडकले नाही याची खात्री करूनच परत यावे.

समारोप

रोजंदारीवर आलेला कामगार ‘लवकर आटपा’ या हुकमापुढे पुष्कळदा गप्प राहतो. परंतु वर फांदी अडकलेली दिसताच ‘थांबा’ म्हणणे हा त्याचा भित्रेपणा नसून कामातील जाणतेपणा आहे. काम करवून घेणाऱ्यानेही हा शब्द मानला पाहिजे. झाड उद्याही पाडता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

पाठगत प्रश्न

1. अडकलेली फांदी कोणत्या तीन वेळी सुटण्याचा संभव अधिक असतो?
2. खोड 40 सेंटिमीटर जाड असल्यास बिजागरीसारखी पट्टी किती जाडीची ठेवावी?
3. पोकळ बुंध्याचे झाड या रीतीने का पाडू नये?
4. तुमच्या परिसरातील एका मोठ्या झाडाचे दुरून निरीक्षण करा आणि त्यातील धोक्याच्या खुणा पाच वाक्यांत लिहा.