‘क्ले’ म्हणजे नेमका कोणता क्ले?



हस्तकलेच्या वहीत ‘क्ले आणणे’ एवढेच लिहिलेले असते. दुकानात गेल्यावर मात्र त्या एका नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू पुढे येतात. बालवर्गातील तेलकट रंगीत क्ले कधीच कडक होत नाही. हवेत वाळणारा क्ले, आपल्या शाडूसारखा, पाणी उडून गेले की कडक होतो. दोन वेगळ्या वड्या एकत्र मळून वापरायचा क्ले रासायनिक क्रियेने काही तासांत दगडासारखा होतो. चौथा पॉलिमर क्ले. कानातली, मणी, किल्लीला लावायच्या छोट्या आकृत्या यांसाठी हाच उत्तम, पण तो ओव्हनमध्ये भाजावा लागतो. “आठ दिवस वाळत ठेवला, तरी मऊच आहे” अशी तक्रार दरवर्षी कोणीतरी घेऊन येते. त्यात क्लेचा दोष नसतो.

नावात क्ले असला तरी याचा मूळ आधार माती नाही, पीव्हीसी आहे. पाण्याचे पाइप बनतात तेच प्लॅस्टिक. त्याचे अतिसूक्ष्म कण एका तेलकट द्रवात कालवलेले असतात, म्हणून तो लोण्यासारखा मळता येतो. उष्णता मिळाली की तो द्रव कणांत शिरतो, कण फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. म्हणजे येथे वाळण्याचा प्रश्नच नाही, हवे असते ते योग्य तापमान. पाण्यात उकळून चालेल का, असे काही पालक विचारतात. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि या क्लेला ११० ते १३० अंश सेल्सिअस लागतात. तेव्हा वस्तू वरून घट्ट वाटली तरी आतून कच्ची राहते.

विकत घेताना वडी वेष्टनावरूनच अंगठ्याने दाबून पाहावी. थोडी दबली तर ताजी. विटेसारखी लागली किंवा भुगा होऊ लागला तर ती जुनी आहे, किंवा दुकानाच्या काचेत उन्हाने अर्धवट भाजली गेली आहे. साधारण ५७ ग्रॅमची वडी मिळते, सुरुवातीला पांढरा, काळा आणि तीन मूळ रंग पुरेत. बाकीचे मिसळून होतात. ‘फिमो सॉफ्ट’ किंवा ‘स्कल्पी थ्री’ लहान हातांना सोपे आहेत. मात्र ‘स्कल्पी थ्री’चे पातळ भाग भाजल्यावरही चटकन तुटतात, म्हणून पाकळ्या, नाजूक कानातली यांसाठी ‘प्रीमो’ बरा. वेष्टनावर नाव, तापमान आणि वेळ छापलेली नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. फॅथलेट नावाच्या काही द्रव्यांवर अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंपुरते निर्बंध आले. तेव्हा ‘फॅथलेटरहित’ असे लिहिले आहे का, तेही पाहावे.

आधी क्ले पाच-दहा मिनिटे चांगला मळावा, कणकेसारखा. प्रथम पांढरा, मग फिके, शेवटी काळा. नाहीतर बोटांचा रंग पांढऱ्यावर उतरतो. लाटायला काचेची गुळगुळीत बाटली घ्यावी. स्वयंपाकघरातले पोळपाट-लाटणे नको, कारण क्लेला लागलेली भांडी पुन्हा अन्नासाठी वापरू नयेत. कच्चा क्ले काही प्लॅस्टिकच्या डब्यांना आणि टेबलाच्या पॉलिशला चिकटून ते खराब करतो, म्हणून काम टाइलवर करावे.

यातली सर्वांत गमतीची रीत अळूवडीची आहे! दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि चकत्या पाडा. प्रत्येक चकतीत तेच वेटोळे दिसते. गुंडाळी लांबवून बारीक केली तरी नक्षी मोडत नाही, फक्त लहान होते. कापण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये (डब्यात बंद करून) ठेवली तर नक्षी दबत नाही.

भाजण्याचे काम मोठ्यांनीच करावे. मायक्रोवेव्ह चालत नाही. ओव्हन आधी तापवून घ्यावा, वस्तू टाइलवर कागद घालून ठेवावी, वर फॉइलचे सैल झाकण द्यावे आणि वेष्टनावर लिहिलेलेच तापमान व वेळ ठेवावी. पुष्कळ ओव्हनचे बटण १२० दाखवते आणि आत १४० असतात, म्हणून आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेणे हा वायफळ खर्च नव्हे. कमी भाजले तर वस्तू ठिसूळ होते. फार तापले तर क्ले करपतो आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घातक वायू निघतो. असे झाल्यास ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना बाहेर न्यावे. बाहेर काढल्यावर वस्तू थोडी मऊच लागते. थंड झाल्यावर घट्ट होते. त्यामुळे ‘झाले नाही’ म्हणून पुन्हा आच वाढवू नये.

या क्लेची वाटी किंवा चमचा करून त्यातून खाऊ नये. उरलेल्या वड्या उन्हाळ्यात गच्चीवरील खोलीत किंवा गाडीत ठेवू नयेत.

आणि गणपतीविषयी. याची मूर्ती सुबक होते यात शंका नाही, पण ते प्लॅस्टिक आहे, पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही विसर्जनाच्या मूर्तीत प्लॅस्टिक नको असेच आहे. शोभेची मूर्ती कपाटात ठेवायची असेल तर जरूर करा. विसर्जनाच्या मूर्तीसाठी मात्र शाडूच आणावी.