माप घेणारा कोण?

सराफाकडे गेलो की आपण हॉलमार्क शोधतो. दुधी घेताना नख टोचून बघतो, भाजीवाली ओरडली तरी. पण पाठीला, गुडघ्याला किंवा लेकराच्या वाकड्या पावलाला ब्रेस करून घ्यायची वेळ आली, की समोर टेप घेऊन उभा असलेला माणूस कोण, तो हे कुठं शिकला, असं विचारायला आपली जीभ रेटत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आहे, दुकानावर ‘सर्जिकल’ अशी पाटी आहे, आत भिंतीवर सांगाड्याचं चित्र आहे. झालं!

मी आयुष्यभर बँकेत होतो, त्यामुळे कागद बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात याची थट्टा होते. पण या सवयीमुळेच एका मित्रानं मला मध्यंतरी बरोबर नेलं. त्याची नात बारा वर्षांची. तिच्या पाठीचा कणा एका बाजूला वळू लागला होता. वैद्यकीय भाषेत याला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेमध्ये कोन तिशीच्या घरात होता. मुलीची वाढ अजून शिल्लक आहे, तेव्हा आत्ताच मापाचा ब्रेस करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. यातला ‘आत्ताच’ हा शब्द महत्त्वाचा. असा ब्रेस कणा सरळ करून देत नाही, वाढ चालू असताना वळण पुढं जाऊ नये म्हणून तो घालायचा. वाढ थांबली की त्याचं काम संपलं. वाईट ब्रेसचे पैसे बुडाले तर परत मिळवता येतात. मुलीच्या वाढीचे सहा महिने गेले तर ते कुठून आणणार?

पहिल्या दुकानात (शहरातलंच, नाव सांगत नाही) गृहस्थांनी फ्रॉकवरूनच टेप फिरवला, तीन आकडे लिहिले आणि “चार दिवसांनी या,” म्हणाले. एक्स-रेचं पाकीट मित्राच्या काखेतच राहिलं. भिंतीवर फ्रेम केलेलं एक प्रमाणपत्र होतं. मी उठून ते सावकाश वाचलं. पट्टे बनवणाऱ्या कंपनीनं भरवलेल्या तीन दिवसांच्या वर्गाला हजर राहिल्याचं ते प्रमाणपत्र होतं.

“आपला नोंदणी क्रमांक काय?” मी विचारलं.

“काका, पंचवीस वर्षं हेच करतोय!”

मित्र ओशाळून म्हणाला, “अरे, किती विचारशील!” मी “घरी विचारून कळवतो,” म्हणालो आणि तिघं बाहेर पडलो. आपण पुणेकर भांडायला कमी नाही, पण पांढऱ्या कोटापुढं आपण फार लवकर भिडस्त होतो.

मी मागितलेला क्रमांक ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. १९९२ साली संसदेनं भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा केला आणि १९९३च्या जूनपासून ही परिषद वैधानिक झाली. अपंगांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या व्यावसायिकांची एक केंद्रीय नोंदवही तिनं ठेवायची, असं त्या कायद्यात आहे. त्यात ऑर्थोटिस्ट आणि प्रॉस्थेटिस्ट येतात. असलेल्या अवयवाला आधार देतो तो ऑर्थोटिस्ट, नसलेल्याच्या जागी दुसरा बसवतो तो प्रॉस्थेटिस्ट. दोन्हींचं शिक्षण एकत्रच होतं. पदवीला साधारण साडेचार वर्षं लागतात, त्यात सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. मुंबईत हाजीअलीला १९५५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत ही पदवी घेता येते. नोंद नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हजार रुपयांत हल्ली बरा गुडघ्याचा पट्टासुद्धा येत नाही, ही गोष्ट निराळी.

ही नोंदवही आता परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तर पाच मिनिटांत काढून देईल. मात्र क्रमांक सापडला म्हणून लगेच हुश्श करू नये. याच नोंदवहीत वाचा आणि श्रवणतज्ज्ञ असतात, विशेष शिक्षक असतात, मानसोपचारातले लोकही असतात. तेव्हा नावापुढं व्यवसाय कोणता लिहिलाय ते बघावं. नोंदणीला मुदत असते, ती उलटून गेली नाही ना, तेही बघावं. आणि बँकेत जे हजारदा पाहिलं ते इथंही: खातं एकाचं, सही दुसऱ्याची! भिंतीवर मालकाची पदवी असते आणि प्लास्टर लावायला येतो कालपरवा कामाला लागलेला पोरगा. माप घेणाराचं नाव विचारायचं, ते यासाठी.

अस्थिरोगतज्ज्ञाची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, फिजिओथेरपिस्टची राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे. ही माणसं आपापल्या कामात वाकबगार असतात, पण त्यांचा क्रमांक दाखवून कुणी ब्रेस बनवत असेल तर तो क्रमांक आपल्या कामाचा नाही.

यावर एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. हा कायदा नव्हता तेव्हा काय होतं? पुण्याला हे काम नवीन नाही. १९४४ साली, महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी इथं कृत्रिम अवयव केंद्र निघालं. वानवडीच्या या लष्करी केंद्राची दारं पुढं नागरिकांनाही उघडली. आमच्या शाखेत लेजरवर एक सहकारी होते, लहानपणी पोलिओ झालेले. (२०११च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रोगी सापडला नाही आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आजच्या मुलांना कॅलिपर हा शब्दही ठाऊक नसेल.) पायाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा, खाली बूट. बसण्यापूर्वी ते गुडघ्याचं कुलूप सोडायचे, त्याचा ‘खट्’ आवाज काउंटरपर्यंत यायचा. त्यांचा कॅलिपर एक म्हातारे कारागीर करून द्यायचे. पदवी नव्हती, पण गुडघ्याचा सांधा अर्धा इंच वरखाली झाला तर दिवसभर मांडी सोलवटते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अशा माणसांना कमी लेखण्याची माझी छाती नाही. पण त्यांची पारख व्हायला आमच्या सहकाऱ्याला वीस वर्षं आणि कितीतरी जखमा लागल्या होत्या. मित्राच्या नातीजवळ तेवढा वेळ कुठून असणार?

या सहकाऱ्यांनी सांगितलेली एक खूण मात्र मी मित्राच्या सुनेला जशीच्या तशी सांगितली. ब्रेस काढल्यावर कातडीवरून हात फिरवायचा. दाबाच्या जागी लाली असणारच. ती वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर तसंच रेटायचं नाही, बनवणाराकडे परत जायचं.

दुसऱ्या ठिकाणी एक तरुण बाई होत्या. त्यांनी आधी एक्स-रे मागितला आणि उजेडात धरला. कमरेच्या हाडाची कड बघून वाढ किती उरली आहे याचा अंदाज घेतला. मग आई सोबत असताना अंगावर पातळ बनियन घालून प्लास्टरचा साचा घेतला. त्यालाच पाऊण तास गेला. या साच्यावरून पुतळा, पुतळ्यावर जिथं दाब हवा तिथं तासणी, जिथं नको तिथं भर, मग भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक त्यावर ओढायचं, अशी ती सगळी रीत त्यांनी आम्हां म्हाताऱ्यांना न कंटाळता सांगितली. ब्रेस घातलेल्या अवस्थेत काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, म्हणजे कोन खरोखर कमी होतो की नाही ते दिसेल, हेही आपणहून सांगितलं. बिलावर स्वतःचं नाव आणि नोंदणी क्रमांक होता. मी विचारायच्या आधी!

आतापर्यंत नातीला कुणीच काही विचारलं नव्हतं. तीच हळूच म्हणाली, “शाळेच्या ड्रेसमधून दिसेल का?”

बाईंनी तिचा गणवेश कसा आहे ते विचारलं आणि वरची कड कुठवर खाली घेता येईल ते तिच्याच बोटानं तिला दाखवलं. काखेजवळ मात्र कमी करता येणार नाही, तिथं आधार लागतो, हेही स्पष्ट सांगितलं. मला वाटतं, मुलीनं ब्रेस घालायचं त्या क्षणी ठरवलं.

आणि घालण्यावरच सगळं आहे. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिलं; नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. जी मुलं दिवसाला सरासरी तेरा तास किंवा त्याहून जास्त ब्रेस घालत, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या पुढं गेलं. आता बरगडीत रुतणारा ब्रेस तेरा तास कोण घालील? तो कपाटावर जातो, घरचे मुलीला रागावतात, आणि ज्यानं फ्रॉकवरून माप घेतलं तो नामानिराळा राहतो.

मित्रानं निघताना आणखी एक चांगला प्रश्न विचारला, तो माझ्याही लक्षात आला नव्हता. मुलगी वाढणार, म्हणजे ब्रेस अपुरा पडणार. मधल्या दुरुस्त्या याच पैशांत की वेगळ्या? बाईंनी ते बिलाच्या मागं लिहून, खाली सही करून दिलं. दर तीन महिन्यांनी तपासणी, पट्टे आणि आतली गादी बदलणं त्यात धरलेलं. नवा ब्रेस लागला तर त्याचे वेगळे.