छळ सिद्ध झाला, तरी दावा हरला

कोर्टाची पायरी : भाग ५

मागच्या भागात दोघांच्या संमतीने होणारा घटस्फोट पाहिला. तिथे भांडण कशावरून झालं, चूक कुणाची, याच्या खोलात कोर्ट जात नाही. या भागात दुसरी वाट पाहू. एकाला सुटका हवी आहे आणि दुसरा सही करायला तयार नाही. अशा वेळी घटस्फोट मागून मिळत नाही, सिद्ध करून मिळवावा लागतो.

कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला दास्ताने खटला हे याचं मराठी घरातलं उदाहरण. १९५६ साली पुण्यात लग्न झालं. नवरा उच्चशिक्षित, शेतीशास्त्रातला डॉक्टरेट. तीन मुली झाल्या. फेब्रुवारी १९६१ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले आणि पुढच्या वर्षी नवरा कोर्टात गेला. लग्नात फसवणूक झाली, बायकोचं मानसिक आरोग्य ठीक नाही आणि तिने छळ केला, अशा तीन मुद्द्यांवर त्याने दावा मांडला. खालच्या कोर्टाने पहिले दोन मुद्दे फेटाळले, पण छळ मान्य करून कायदेशीर विभक्ततेचा हुकूम दिला. तेव्हाच्या कायद्यात छळावरून तेवढंच मिळत असे. छळ हे घटस्फोटाचं कारण झालं ते १९७६ च्या दुरुस्तीने. जिल्हा न्यायालयाने तो हुकूमही रद्द केला. उच्च न्यायालयात नवरा पुन्हा हरला आणि प्रकरण दिल्लीला गेलं.

१९ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी त्यात दोन गोष्टी सांगितल्या. पहिली नवऱ्याच्या बाजूची. वैवाहिक दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय हे पाहायचं. त्या मापाने छळ सिद्ध होतो, असं न्यायालय म्हणालं. दुसरी गोष्ट मात्र नवऱ्यावर उलटली. ज्या वागणुकीला तो छळ म्हणत होता, ती घडल्यावरही दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिली होती आणि तिसरं मूल त्याच काळातलं. म्हणजे छळाला माफी दिली गेली, असा अर्थ निघाला. तेरा वर्षं चाललेला दावा नवरा हरला.

माफीचा हा मुद्दा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये आजही आहे. म्हणून पहिल्या बैठकीतच ‘त्यानंतर तुम्ही एकत्र राहिलात का? कधीपर्यंत?’ असं खोदून विचारणारा वकील अशिलाला नकोसा वाटला, तरी तो आपलं काम करत असतो.

कायद्याने मान्य केलेली कारणं मोजकी आहेत. छळ, व्यभिचार, सलग दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, बरा न होणारा गंभीर मानसिक आजार, सात वर्षं जिवंत असल्याची खबर नसणं, ही त्यातली ठळक. महारोग हे कारण २०१९ मध्ये वगळलं गेलं. ‘आमचं पटत नाही’ किंवा ‘दहा वर्षं तोंड पाहिलेलं नाही’ एवढं म्हणणं कायद्यात बसत नाही. लग्न पार मोडलेलं आहे म्हणून घटस्फोट देण्याचा अधिकार १ मे २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाने स्पष्ट झाला, पण तो फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. (मुस्लिम, ख्रिश्चन आणि नोंदणी पद्धतीच्या विवाहांचे कायदे वेगळे, त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.)

शेवगावसारख्या तालुक्यात याआधीच एक घोळ झालेला असतो. चार पंच बसतात, स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली जाते, देवाणघेवाण होते, नोटरीचा शिक्का बसतो आणि दोन्हीकडची मंडळी मोकळं झाल्यासारखी दुसरं लग्न ठरवतात. समाजात फारकतीची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सांगावी आणि सिद्ध करावी लागते. ‘यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला’ या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम राहतं आणि दुसरं लग्न हा गुन्हा ठरतो. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता अर्ज कुठे करायचा? समजा, मुलीचं माहेर बोधेगावचं, लग्न शेवगावच्या मंगल कार्यालयात झालं आणि संसार चाकणला. लग्न जिथे झालं, दोघं शेवटची जिथे एकत्र नांदली किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्ज करणारी पत्नी स्वतः राहते तिथेही चालतो. म्हणजे या मुलीला पुण्याच्या एस.टी.त बसायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी दावा लागेल की अहिल्यानगरला, हे मात्र वकिलाकडून आधीच समजून घ्यावं, कारण तारखांना जाण्यायेण्याचा खर्च त्यावर ठरतो. लग्नाला एक वर्ष होण्याआधी सहसा अर्ज घेत नाहीत.

अर्ज दाखल झाला की समन्स निघतं. समोरची व्यक्ती हजर झाली की समुपदेशन किंवा मध्यस्थी होते. ती फिसकटली तर लेखी म्हणणं येतं, न्यायाधीश मुद्दे काढतात, मग सरतपासाचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल. समोरचा आलाच नाही तरी एकतर्फी हुकूम आपोआप पडत नाही, पुरावा द्यावाच लागतो. कायद्यात सहा महिन्यांत दावा संपवण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे; प्रत्यक्षात वर्षं जातात. मध्येच दोघांचं जमलं, तर याच दाव्याचं रूपांतर संमतीच्या घटस्फोटात करता येतं. गावभर बोभाटा होईल, ही भीती मात्र बाळगू नये. या दाव्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं.

दावा टिकतो की पडतो, हे बऱ्याच अंशी पहिल्या अर्जातच ठरतं. ‘सासरच्या लोकांनी वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला’ हे वाक्य शेकडो अर्जांत सापडतं आणि उलटतपासात पाच मिनिटांत कोलमडतं. त्याऐवजी असं लिहिलेलं पाहा : ‘पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी गाडीसाठी पैसे आणले नाहीत म्हणून जाऊबाईंसमोर मारलं, दुसऱ्या दिवशी भावाने ग्रामीण रुग्णालयात नेलं, केसपेपर सोबत जोडला आहे.’ यात दिवस आहे, कारण आहे, साक्षीदार आहे, कागद आहे. मोबाइलवरचे मेसेज आणि रेकॉर्डिंगही चालतात. जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मात्र सोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं आणि ते विसरणारे कमी नाहीत.

वकील निवडताना म्हणून पाहायचं ते हे, की तो तारखा विचारतो का, कागद मागतो का, आपली कमजोर बाजू तोंडावर सांगतो का. ‘सहा महिन्यांत मोकळं करून देतो’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावं. तालुक्याच्या गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात, तेव्हा समोरच्या कुटुंबाचं काम तो आधी पाहत होता का, हेही विचारावं. नगरचा नावाजलेला वकील की शेवगावचा, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक तारखेला प्रत्यक्ष कोण उभं राहणार यावर आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते.

फी आधी ठरवावी : ठोक की टप्प्यांनी, पोटगीचा अर्ज त्यात धरलेला की वेगळा, नगरच्या फेऱ्यांचे पैसे कुणाचे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकीलपत्र वाचून सही करावी, कोऱ्या कागदावर कधीही नाही. वकील बदलता येतो आणि फी थकली म्हणून जुन्या वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही. २००० सालच्या आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. ग्राहक न्यायालयाचा रस्ता मे २०२४ च्या निकालाने बंद झाला.

पैसे नाहीत म्हणून मात्र कुणी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो, दोघांचे पत्त्याचे पुरावे, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद आणि घटना तारीखवार लिहिलेली एक वही, एवढं घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. ही समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते.

(पुढील भागात : दावा चालू असताना मिळणारी पोटगी)