मुळाक्षरांआधी शाळेची ओळख

मे महिन्यातील एका सकाळी एक निवृत्त गृहस्थ रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आले. औषधे नियमित चालू असूनही रक्तदाब वाढलेला होता. मिठाची आणि झोपेची चौकशी झाल्यावर ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, "डॉक्टर, नातू जूनमध्ये बालवर्गात जायचा आहे. चार वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. शाळेला आम्ही अजून काही सांगितलेले नाही. सांगितले तर घेणार नाहीत, अशी धास्ती आहे. मी त्याला रोज पाटीवर अक्षरे गिरवायला बसवतो. तेवढे जमले, तर कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही."

त्या दिवशी त्यांच्याशी जे बोललो, तेच येथे विस्ताराने मांडत आहे. आई-वडील नोकरीवर गेल्यानंतर अशा मुलाचा दिवस बहुधा आजी-आजोबांच्या सोबतीने जातो. त्यामुळे शाळेच्या तयारीचा मोठा वाटा आपल्याच हाती असतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्वमग्नता हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे. आईचे दुर्लक्ष, लाड किंवा लस यांमुळे ती उद्भवत नाही. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा १९९८ सालचा गाजलेला निबंध त्याच वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा घरात दोष कोणाचा, ही चर्चा थांबवून सारी शक्ती मुलासाठी राखून ठेवावी.

आता शाळेकडे मुलाच्या नजरेने पाहू. अनोळखी इमारत, एकाच वेळी बोलणारी तीस-चाळीस मुले, कर्कश घंटा, ध्वनिक्षेपकावरील प्रार्थना, टोचणारा नवा गणवेश आणि पुढे काय होणार याचा काहीच अंदाज नाही. अनेक स्वमग्न मुलांना आवाज, स्पर्श व उजेड इतरांपेक्षा फार तीव्रतेने जाणवतात आणि अनपेक्षित बदल सोसत नाही. अशा वेळी 'क' गिरवता येतो की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. अक्षरे शिकवायला शाळा आहेच. शाळा ओळखीची करून देणे, हे घराचे काम आहे.

त्याची सुरुवात निदान सहा ते आठ आठवडे आधी करावी. सुट्टीत शाळा रिकामी असताना परवानगी घेऊन मुलाला तेथे न्यावे. पहिल्या दिवशी केवळ फाटकापर्यंत जाऊन परतावे. दुसऱ्या खेपेस पटांगण, मग वर्ग, मग स्वच्छतागृह. घरी बैठे शौचालय वापरणाऱ्या मुलाला शाळेत उकिडवे बसावे लागणार असेल, तर तो सराव आधीच व्हायला हवा. शाळेत वापरायचा रस्ता आणि शक्य असल्यास रिक्षावाले काकाही आधीच ओळखीचे करावेत.

या फेऱ्यांमध्ये मोबाइलवर छायाचित्रे काढावीत: फाटक, वर्ग, बाई, बसण्याची जागा, नळ. ती पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवून छोटे पुस्तक करावे आणि रोज ठरावीक वेळी, त्याच त्या सोप्या शब्दांत मुलाला दाखवावे. शेवटचे छायाचित्र घराच्या दाराचे असावे. शाळा संपते आणि आपण घरी परततो, हे मुलाला डोळ्यांनी दिसायला हवे. चित्रे दाखवल्याने मूल बोलायचे थांबेल, ही भीती निराधार आहे. बोलणे उशिरा येणाऱ्या मुलांना चित्रांचा आधारच होतो.

वस्तूंचीही ओळख हवी. नवा गणवेश दोन-चार वेळा धुवून मऊ करावा, मानेशी टोचणारी पट्टी काढून टाकावी आणि तो घरी आधी पाच मिनिटे, मग अर्धा तास घालावा. डब्याचे झाकण मुलाला स्वतः उघडता येते का, हे पाहावे. दुपारचा खाऊ काही दिवस त्याच डब्यातून, सतरंजीवर बसून द्यावा. डब्यात पहिले काही आठवडे त्याच्या आवडीचाच पदार्थ असावा. नवी भाजी चाखवण्याची ही वेळ नव्हे. शाळेच्या घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित करून आधी अगदी हळू ऐकवावा आणि मुलाला सोसेल तसा वाढवत न्यावा.

निरोप घेण्याची पद्धतही ठरवून ठेवावी. मूल गुंतलेले पाहून गुपचूप निघून जाणे आपल्याला सोपे वाटते. पण त्यामुळे त्याचा विश्वास उडतो. "आजोबा जातात, डब्यानंतर येतात," असे एकच वाक्य रोज म्हणावे आणि दिलेली वेळ कटाक्षाने पाळावी.

आता सर्वांत अवघड गोष्ट: शाळेला सांगणे. लपवलेली स्वमग्नता पहिल्या आठवड्यातच दिसते. पण तेव्हा बाईंना ती केवळ बेशिस्त वाटते आणि मुलाला विनाकारण ओरडा बसतो. म्हणून एका पानावर मुलाची माहिती लिहून द्यावी. त्याला काय आवडते, कशाने त्रास होतो, तहान किंवा शौचाची गरज तो कशी सांगतो, कशाने शांत होतो. मूल वर्गातून एकटे बाहेर पडण्याची शक्यता असेल, तर ते ठळकपणे लिहावे आणि फाटकाबद्दल आधीच विचारून घ्यावे. खिशात किंवा ओळखपत्रावर दूरध्वनी क्रमांक असावाच. पहिले काही दिवस एकच तास बसण्याची सवलत मागण्यात संकोच नसावा.

प्रवेश नाकारण्याच्या धास्तीबद्दल एवढे जाणून घ्यावे की, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट असलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नताही आहे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभावाशिवाय सामावून घ्यावे, अशी या कायद्याची भूमिका आहे. मुलाची रीतसर तपासणी झाली नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. श्रवणतपासणीही करून घ्यावी. "त्याचा बापही उशिराच बोलला होता," या समाधानात मोलाचे महिने निघून जातात.

इतके करूनही काही दिवस बिघडतील. मूल जमिनीवर पडून किंचाळेल, कान झाकून घेईल. प्रत्येक वेळी हा हट्ट नसतो. बरेचदा ती सहनशक्तीची मर्यादा संपल्याची खूण असते. अशा वेळी रागावू नये, समजावत बसू नये आणि भोवती गर्दी होऊ देऊ नये. शांत जागी न्यावे, स्वतः कमी बोलावे, वेळ जाऊ द्यावा. शाळेतून परतल्यावर "आज काय शिकलास?" हा प्रश्नही तासभर बाजूला ठेवावा. पाणी, खाऊ आणि शांतता यांचीच त्याला तेव्हा गरज असते.

आणि आपली स्वतःची औषधे, झोप, चालणे चुकवू नये. हे काम काही आठवड्यांचे नाही. आपण टिकणे हाही मुलाच्या तयारीचाच भाग आहे.

ते गृहस्थ दिवाळीच्या सुमारास पुन्हा आले. कुटुंबाने शाळेला सारे सांगितले होते. एका शाळेने टाळाटाळ केली, दुसरीने घेतले. पहिले दोन आठवडे नातू रोज एकच तास, दाराजवळच्या जागेवर बसला. प्रार्थनेच्या वेळी तो अजूनही कान झाकतो. पण एके दिवशी गोंगाट वाढला, तेव्हा त्याने दप्तरातून ते पुठ्ठ्याचे पुस्तक काढले, शेवटचे पान उघडले आणि घराच्या दारावर बोट ठेवून ते बाईंपुढे धरले. घराबाहेरच्या माणसाकडे त्याने प्रथमच काही मागितले होते. बाईंनी त्याला थोडा वेळ व्हरांड्यात बसवले आणि तो पुन्हा वर्गात गेला.

हे सांगताना आजोबांचा आवाज दाटून आला होता. रक्तदाब अजून थोडा जास्तच आहे. त्यासाठी गोळी बदलावी लागली. अक्षरांची पाटी मात्र सध्या कपाटात आहे. नातू मागेल, तेव्हा ती बाहेर निघेल.