सुटा भागही शस्त्रच

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतला निर्यातीचा माल मनोर मागे टाकून महामार्गाने न्हावाशेवाकडे जातो. टर्निंग-मिलिंगच्या शेडमध्ये पंपाचा व्हॉल्व्ह काय आणि बंदुकीचा चाप काय, कारागिराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच: पोलाद, ड्रॉइंग आणि मापातली अचूकता. कायदा मात्र तसे मानत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्रांचे सुटे भाग, इतकेच नव्हे तर शस्त्रे बनवण्याची यंत्रेही धरली आहेत. कलम 10 नुसार ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. शिवाय निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या ‘स्कोमेट’ यादीचा सहावा विभाग आहेच. बंदुकांसाठी खास आखलेले भाग त्यात येतात आणि त्यांच्या निर्यातीला संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. बाजारात मिळणारा साधा बोल्ट यात येत नाही. कळीचा शब्द ‘खास आखलेला’ हा आहे. तंत्रज्ञानही याच यादीत असल्यामुळे अशा भागाचे ड्रॉइंग परदेशी ई-मेलने पाठवणे हीसुद्धा निर्यातच ठरू शकते. अनेकांची गफलत नेमकी इथेच होते.

‘खरेदीदाराकडे त्याच्या देशाचा परवाना आहे, मग आमचा काय संबंध?’ असे विचारले जाते. पण तो परवाना माल तिथे उतरवण्यापुरता. तो इथून निघावा का, हे भारतानेच ठरवायचे. म्हणून तर अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र मागतात, कारण पहिला खरेदीदार बहुतेकदा शेवटचा नसतो. कोकण किनाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. 1993 च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी-शेखाडीला बाहेरून शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले आणि 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली. आपल्याकडून निघालेला माल दुसऱ्या कुणाच्या किनाऱ्यावर असा उतरू नये, एवढीच या कागदांची मागणी आहे.

छोट्या कारखानदाराला हा व्याप झेपत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. पण परवान्यांमुळे धंदा बुडतो, हे आकड्यांत दिसत नाही: 2013-14 मध्ये 686 कोटींची असलेली संरक्षण निर्यात 2024-25 मध्ये 23,622 कोटींवर गेली, आणि मधल्याच काळात, डिसेंबर 2017 मध्ये, भारत शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार करारात सामील झाला. 2019 मध्ये स्फोटक नसलेले दारूगोळ्याचे भाग आणि आणखी काही वस्तूंसाठी, ठरावीक देशांपुरता, खुला परवानाही आला. सवलत द्यायची तर अशीच, वस्तू आणि देश पाहून. तारापूरच्या शेडला खरी उणीव भासते ती ऑर्डर घेण्याआधी ‘हा भाग यादीत येतो का’ हे मराठीत समजावून सांगणाऱ्या माणसाची, आणि ती सोय जिल्ह्याच्या उद्योग केंद्रातच व्हायला हवी.